घरच्या घरी झिंग्यांच्या सळ्या: नागपुरातल्या नवख्यांसाठी, बाजारापासून ताटापर्यंत

आपल्या नागपुरात वाढलेल्या माणसाचा हात मटणावर बसलेला असतो. मसाला रात्रभर मुरू द्यायचा, भांडं मंद आचेवर ठेवायचं, तर्री वर येईपर्यंत धीर धरायचा. माझाही हात तसाच होता. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात घरच्या गच्चीवर पहिल्यांदा झिंगे भाजायला घेतले, तेव्हा मी आदल्या रात्रीच दही, लिंबू, मसाला आणि "मऊ होतील" म्हणून थोडी कच्ची पपई लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झिंगा बोटाने दाबला तर पिठासारखा विरघळत होता. काडीवर टिकेना. आठ माणसं जेवायला बसलेली आणि किलोभर माल निखाऱ्यांत गळून पडत होता.

त्यानंतर चार हिवाळे मी हे नीट शिकण्यात घालवले. माझ्या बहुतेक चुका एकाच ठिकाणी होत्या. मी झिंग्याला मटणासारखं वागवत होतो. मटणाच्या तुकड्यात चिवट तंतू असतात, ते सैल व्हायला वेळ आणि मंद आच लागते. झिंग्याचं मांस मुळातच नाजूक असतं. त्याला मसाला वीस मिनिटं पुरतो आणि आच चार मिनिटं. आच मात्र तेज हवी आणि झिंगा वरून कोरडा हवा. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत एवढंच जपायचं आहे.

एक खुलासा आधी. मुंबई-पुण्याचे लोक ज्याला कोळंबी म्हणतात त्यालाच आपण झिंगे म्हणतो. पण आपल्याकडे वांग्यात घालतात ते सुके, बारीक झिंगेही झिंगेच. दुकानात विचारताना "ताजे, मोठे, भाजायचे" असं स्पष्ट सांगा.

१. आधी जमवायचं सामान

चार जणांसाठी, बाकी जेवण साधं असेल तर:

- डोक्यासकट झिंगे १ किलो. सोलून साफ केल्यावर साधारण अर्धा किलो हाती येतात. किलोत ३० ते ४० नग बसतील असा आकार घ्या.
- लोखंडी सिगडी किंवा लहान बार्बेक्यू आणि त्यावर बसणारी जाळी
- लाकडी कोळसा दीड ते दोन किलो
- बांबूच्या काड्या १६ ते २० किंवा चपट्या स्टीलच्या सळ्या
- लांब चिमटा, तेल लावायला ब्रश, पाठीला चीर द्यायला लहान धारदार सुरी
- दोन स्वच्छ सुती पंचे किंवा टिश्यू पेपरची गुंडाळी
- बर्फ आणि थर्माकोलचा डबा
- एक बादली पाणी आणि एक बादली वाळू

शेवटची ओळ वाचून कोणी सोडून देतं. गच्चीवर वारा फिरतो, ठिणगी उडते. दोन्ही बादल्या हाताशी ठेवल्याशिवाय काडी ओढू नका.

२. झिंगे विकत घेणं

नागपूर दोन्ही किनाऱ्यांपासून शेकडो किलोमीटर आत आहे. इथे मिळणारे बरेचसे मोठे झिंगे शेततळ्यांत वाढवलेले असतात, आणि देशात ही शेती सगळ्यात जास्त आंध्र प्रदेशात होते. जात बहुधा व्हॅनामी. ती मूळची मेक्सिको ते पेरूपर्यंतच्या पॅसिफिक किनाऱ्याची, भारतात तिच्या शेतीला २००९ पासून परवानगी मिळाली. त्यामुळे "आजच समुद्रातून आलेत" असं कोणी म्हटलं तर फार मनावर घेऊ नका. माल किती वेळ आणि किती नीट बर्फात राहिला, हे पाहायचं.

दुसरा माल आपल्या मातीतला. भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांतले, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांतले गोड्या पाण्यातले झिंगे. रश्श्यात त्यांची चव फार सुंदर लागते, पण लहान असले तर सळईवर ओवायच्या भानगडीत पडू नका, ते क्षणात वाळतात.

भोईपुरा किंवा मंगळवारी, जिथे जाल तिथे सकाळी जा. मला माल ओळखायला बाजारातल्या एका मासेवाल्या ताईंनी शिकवलं. मी आपला वरवर रंग पाहत होतो. त्यांनी एक झिंगा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "रंग काय पाहता भाऊ, डोकं पाहा नं. हलवून पाहा. लटकलं की माल जुना." तो झिंगा थंडगार होता, कवच घट्ट, डोकं धडाला गच्च बसलेलं. मग त्यांनी शेजारच्या ढिगातला, स्वस्तातला एक उचलून दाखवला. त्याचं डोकं मानेपाशी सैल होऊन एका बाजूला कलंडलं होतं आणि सांध्यातून पिवळसर पाणी झिरपत होतं. दोन्ही झिंगे लांबून सारखेच करडे दिसत होते.

डोकं आधी खराब होतं, कारण पचनाचे रस तिथे असतात आणि झिंगा मेल्यावर तेच त्याचं मांस विरघळवू लागतात. म्हणून डोकं ही सगळ्यात प्रामाणिक खूण. दुसरी खूण वासाची. पाण्याचा, हलका खारट वास चालतो. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर पैसे देऊ नका. कवचावर थोडे काळे डाग दिसले तर लगेच घाबरायचं कारण नाही. चिरलेलं वांगं जसं काळं पडतं तशीच ती क्रिया असते. पण काळे डाग, सैल डोकं आणि वास हे तिन्ही एकत्र असतील तर तो ढीग सोडा.

गोठवलेलं पाकीट घेण्यात काहीही कमीपणा नाही. उन्हाळ्यात तर मी तेच घेतो. फक्त पाकिटावर बर्फाशिवायचं निव्वळ वजन वाचा, कारण झिंग्यांवर बर्फाचा थर चढवलेला असतो आणि तो वजनात धरला असेल तर घरी आल्यावर निराशा होते. "शिजवलेले" लिहिलेलं पाकीट भाजायला घेऊ नका. ते आधीच गुलाबी असतात आणि पुन्हा आच लागली की रबर होतात.

३. घरी आणणं

थर्माकोलचा डबा घेऊनच बाजारात जा. तळाशी बर्फ, त्यावर पिशवीत बांधलेले झिंगे, वर पुन्हा बर्फ. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्या उन्हात गाडीच्या डिकीत पिशवी अर्धा तास राहिली तरी बाजारात चांगला असलेला माल घरी येईपर्यंत बिघडू लागतो. झिंगे घेणं हे बाजारातलं शेवटचं काम ठेवा आणि सरळ घरी या.

गोठवलेले असतील तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. घाई असेल तर बंद पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवा, अर्ध्या तासात सुटे होतात. गरम पाणी वापरू नका, आणि एकदा सुटलेले कच्चे झिंगे परत फ्रीजरमध्ये घालू नका.

४. साफ करणं

डोकं पिरगळून काढा. पोटाकडून अंगठा घालून कवच सोडवा, पण शेपटी आणि तिच्या लगतचा एक पेर तसाच ठेवा. खाताना धरायला उपयोगी पडतो.

मग पाठ. सुरीच्या टोकाने पाठीवर मधोमध जेमतेम दोन-तीन मिलिमीटर खोल चीर द्या. आत काळसर दोरा दिसेल. ते आतडं. टोकाने उचलून हळूच ओढलं की अख्खं निघून येतं. चीर खोल गेली तर झिंगा आचेवर फुलासारखा उघडतो आणि लवकर वाळतो, म्हणून हात हलका ठेवा. पहिल्या दहा नगांना वेळ लागेल, मग बोटांना आपोआप कळायला लागतं.

डोकी आणि कवचं फेकू नका. थोड्या तेलात परतून, पाणी घालून वीस मिनिटं उकळा आणि गाळून घ्या. दुसऱ्या दिवशी त्या पाण्यात भात शिजवा.

साफ करून झालं की एकदाच थंड पाण्यातून काढा. नळाखाली पुन्हा पुन्हा धूत बसू नका, चव वाहून जाते.

५. मीठ, सोडा आणि कोरडं करणं

ही पायरी मला सगळ्यात उशिरा कळली आणि फरक सगळ्यात जास्त तिनेच पडला. अर्धा किलो साफ झिंग्यांना एक लहान चमचा मीठ आणि पाव लहान चमचा खायचा सोडा चोळा, फ्रीजमध्ये पंधरा मिनिटं ठेवा. मिठामुळे मांस आपलं पाणी धरून ठेवतं आणि सोड्यामुळे ते भाजल्यावर कडक न होता दाताखाली टचकन तुटतं. सोडा याहून जास्त घातला तर साबणासारखी चव येते, त्यामुळे अंदाजपंचे नको, चमच्याने मोजा.

मग झटपट विसळून पंच्यावर एका थरात पसरा, वरून दुसरा पंचा दाबा. पाणी टिपून घ्या. ओला झिंगा जाळीवर ठेवला तर आचेचा जोर आधी ते पाणी उडवण्यात जातो. झिंगा वाफेवर शिजतो आणि वरचा खमंग डाग पडेपर्यंत आतून चिवट होतो.

६. मसाला

अर्धा किलो साफ झिंग्यांसाठी माझं प्रमाण असं:

- तेल २ मोठे चमचे
- आलं-लसणाचं वाटण १ मोठा चमचा, पाणी पिळून काढलेलं
- भिवापुरी मिरचीचं तिखट १ लहान चमचा
- हळद पाव लहान चमचा
- सावजी मसाला १ लहान चमचा
- मीठ चवीपुरतं, तेही जपून, कारण आधी लावलेलं असतं

सावजी मसाल्याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण नागपुरात पहिला हात त्याच डब्याकडे जातो. तो मसाला तासभर शिजणाऱ्या रश्श्यासाठी आहे. त्यात दगडफूल, मिरे असे मसाले आणि बहुतेक घरी भाजलेलं सुकं खोबरं, खसखसही असते. चार मिनिटांच्या भाजण्यात हे मसाले कच्चे राहतात, आणि खोबरं-खसखस मात्र निखाऱ्यावर करपतात. म्हणजे एकाच घासात कच्चं आणि कडू दोन्ही. त्यावर उपाय सोपा आहे. तेल कढल्यात गरम करा, गॅस बंद करा, अर्ध्या मिनिटाने त्यात सावजी मसाला आणि तिखट घालून ढवळा. तेलातच मसाला शिजतो, सुगंध सुटतो. पूर्ण गार झालं की आलं-लसणाचं वाटण, हळद आणि मीठ मिसळून झिंग्यांना लावा. गरम मसाला लावाल तर झिंगे तिथेच शिजायला लागतील.

वीस मिनिटं, जास्तीत जास्त अर्धा तास, फ्रीजमध्ये. लिंबू आत्ता नाही, ते ताटात. आंबट रस मांसाला आचेशिवायच घट्ट करत नेतो, वर पांढुरकी साय आल्यासारखी दिसते आणि मग भाजल्यावर झिंगा कोरडा लागतो. कच्ची पपई अजिबात नको, अननसाचा रसही नको.

जवसाचं तेल इथे वापरू नका. आपल्याला ते कांदा-मिरचीवर कितीही आवडत असलं तरी तेज आचेवर ते लवकर धुरकटतं आणि कडवट होतं. शेंगदाण्याचं तेल उत्तम.

७. सळईवर ओवणं

बांबूच्या काड्या किमान अर्धा तास पाण्यात भिजवा. कोरड्या काड्या मधोमध जळून तुटतात.

झिंगा एका गोल काडीवर ओवला तर पलटवताना काडी फिरते आणि झिंगा जागच्या जागी राहतो. म्हणून दोन काड्या समांतर धरा. एक डोक्याकडच्या जाड भागातून, दुसरी शेपटीकडून. एका जोडीवर पाच झिंगे. ते एकमेकांना टेकू द्या, पण दाबून कोंबू नका. दाबलेल्या जागी आच पोचत नाही.

कांदा, ढोबळी मिरची, पनीर मध्ये ओवायचा मोह होतो, फोटो छान येतो. पण कांद्याला दहा मिनिटं लागतात आणि झिंग्याला चार. भाज्या वेगळ्या सळईवर ठेवा. यात आणखी एक सोय आहे. घरात कोणी शाकाहारी असेल, कोणाचा सोमवार-गुरुवार असेल, तर जाळी स्वच्छ असतानाच त्यांच्या सळ्या आधी भाजून द्या.

पाहुण्यांना आधीच विचारा की कोणाला झिंग्याची ॲलर्जी आहे का. ज्या प्रथिनामुळे ती येते ते भाजून नष्ट होत नाही, त्यामुळे "थोडा खाऊन पाहा, चांगला भाजलाय" असा आग्रह करू नका. अशा माणसासाठी चिमटा, ताट, ब्रश सगळं वेगळं ठेवा.

८. कोळसा

नागपूरच्या आसपास कोळशाच्या खाणी, वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्य कार्यालयही शहरातच. त्यामुळे "कोळसा" मागितला की दगडी कोळसा हातात पडू शकतो. तो घेऊ नका. त्यात गंधक असतं, धूर उग्र असतो आणि थेट त्यावर अन्न भाजणं योग्य नाही. लाकडी कोळसाच हवा. तो वजनाला हलका असतो आणि दोन तुकडे आपटले की खणखणीत आवाज येतो. मिळत नसेल तर गल्लीतल्या प्रेसवाल्या काकांना विचारा. कोळशाची इस्त्री वापरत असतील तर तुमच्याच भागातलं दुकान सांगतील.

पेटवायला रॉकेल, पेट्रोल नको. वास थेट झिंग्यात उतरतो, आणि भडका उडाला तर हात भाजतो. तळाशी करवंटीचे तुकडे आणि कापूर ठेवा, वर कोळसा रचा, पुठ्ठ्याने वारा घाला. मग थांबा. रोडग्यांसाठी गोवऱ्यांचा आर पडेपर्यंत आपण जसे थांबतो, तसंच. वीस ते तीस मिनिटांत ज्वाळा बसतात आणि निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर येतो. आता जाळी ठेवा, पाच मिनिटं तापू द्या. तळहात जाळीच्या वर चार बोटं अंतरावर धरा. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावा लागला तर आच बरोबर. पाच-सहा सेकंद हात टिकत असेल तर अजून वारा घाला.

निखारे एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीत, असे सरकवा. कुठे भडका उडाला तर सळई सरकवायला जागा राहते.

हे फक्त उघड्यावर करा. गच्ची, अंगण चालेल. बंद खोली किंवा काचा लावलेली बाल्कनी नाही. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. जेवण आटोपल्यावर थंडीत शेकायला म्हणून तीच सिगडी खोलीत आणणं तर जिवावरचं आहे. कृपा करून हे कोणी करू नका.

९. भाजणं

अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवा आणि तापल्या जाळीवर घासा, डोशाच्या तव्यावर घासतो तसा. सळ्या ठेवा. आता फोन बाजूला.

पहिली दोन मिनिटं हात लावू नका. कडेने पाहा. करडा, काचेसारखा आरपार झिंगा खालून गुलाबी-पांढरा होत वर चढतो. रंग अचानक येतो, कारण झिंग्यात केशरी रंगद्रव्य आधीपासूनच असतं, ते एका प्रथिनाने बांधून ठेवलेलं असतं आणि आच लागली की सुटतं. तो रंग निम्म्या उंचीपर्यंत चढला की पलटवा. सळई जाळीला चिकटली असेल तर ओढू नका, पंधरा-वीस सेकंद थांबा, स्वतःच सुटेल.

दुसरी बाजू दीड-दोन मिनिटं. डोक्याकडचा जाड भाग पाहा, पाठीच्या चिरेत आतवर पांढरा दिसला की झालं. थर्मामीटर असेल तर आत ६३ अंश सेल्सिअस. सळईवर ताणलेला झिंगा फारसा वळत नाही, म्हणून आकाराची खूण पाहायची तर एक सुटा झिंगा जाळीवर ठेवा. तो इंग्रजी सी सारखा वळला तर तयार, पूर्ण गोल ओ झाला तर उशीर झाला. "अजून एक मिनिट राहू दे, कच्चा नको" असं कोणीतरी मागून म्हणेलच. पांढरा दिसला असेल तर ऐकू नका. उतरवल्यावरही आतल्या उष्णतेने तो थोडा शिजत राहतो.

शेवटच्या अर्ध्या मिनिटात हवं तर लसूण घातलेलं लोणी ब्रशने लावा. दिवाळीनंतर आंबिया बहाराची संत्री येतात, तेव्हा मी दोन संत्र्यांचा रस आटवून निम्मा करतो, त्यात चिमूटभर तिखट आणि मीठ घालतो आणि उतरवायच्या अगदी आधी एक हात फिरवतो. आधी लावला तर साखर करपते.

शिजलेल्या सळ्या कच्च्या झिंग्यांच्या ताटात परत ठेवू नका. स्वच्छ ताट आधीच बाजूला काढून ठेवा. गडबडीत ही चूक हमखास होते.

१०. गच्ची नसेल तर

बिडाचा तवा सगळ्यात जवळचा पर्याय. तेज आचेवर धूर निघेपर्यंत तापवा, सळ्या तव्यात मावतील इतक्या लहान ठेवा, एका वेळी तवा भरू नका. वेळ तोच. धुराची चव हवी असेल तर भाजलेले झिंगे भांड्यात काढा, मध्ये वाटीत एक पेटता लाकडी निखारा ठेवा, त्यावर थेंबभर तूप टाका आणि दोन मिनिटं झाकण ठेवा. खिडकी उघडी असू द्या.

ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन असेल तर वरचीच कॉइल, २३० अंश, जाळी वरच्या खाचेत, एकूण पाच-सहा मिनिटं. मधे एकदा पलटवा.

११. वाढणं आणि उरलेलं

लिंबाची फोड, पातळ चिरलेला कांदा, जवसाची चटणी आणि गरम ज्वारीची भाकरी. सळ्या एकदम सगळ्या भाजून ठेवू नका. दोन-दोन जोड्या लावा, उतरवा, वाढा.

उरलेले झिंगे दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजेत, उन्हाळ्यात एका तासात. दुसऱ्या दिवशी गरम करू नका, चिवट होतात. बारीक चिरून, कांदा-कोथिंबीर-लिंबू घालून थंडच खा.

निखाऱ्यांवर वाळू टाका आणि रात्रभर गच्चीवरच राहू द्या. वरून विझलेली राख आत सकाळपर्यंत गरम असते. कचऱ्याच्या प्लास्टिकच्या डब्यात ती दुसऱ्या दिवशी, हाताने पाहूनच टाका.